खुणेपर्यंतचा सिनेमा

१२ सप्टेंबर

धाकटे,

ताई तुला धाकटी म्हणायची, म्हणून मीही तेच लिहितो. हे हाताने लिहून, फोटो काढून तुला मेलवर पाठवतोय. मराठी टाइप करायला मला इतका वेळ लागतो की तोवर काय सांगायचं होतं तेच विसरतो. चष्मेवाल्याचं अक्षर आहे, डॉक्टरचं नाही, तेव्हा लागायला हरकत नसावी.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताई गेल्यावर तू पाठवलेला निरोप मिळाला होता. उत्तर द्यायचं राहिलं. त्या दिवसांत बरंच काही राहिलं.

लिहायचं कारण असं की, ताईचा सिनेमा थिएटरात लागणार आहे. ताईचा म्हणजे तुम्हा दोघींचा. तुमच्या आईच्या शेवटच्या वर्षावरचा. ताईने वसंतात कधीतरी नव्या थिएटरकडे अर्ज आणि सुरुवातीचा एक तुकडा पाठवला होता, मला न सांगता. थिएटरच्या मॅनेजर बाईंचं पत्र आलं ते ती गेल्यानंतर. चार ऑक्टोबरला, रविवारी सकाळी एक खेळ द्यायला त्या तयार आहेत. मी जाऊन भेटलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या दुःखाची कल्पना आहे, पण आदल्या गुरुवारपर्यंत डिस्क माझ्या टेबलावर हवी. नाही आली तर मला दुसरा सिनेमा लावावा लागेल. राग मानू नका."

मी म्हणालो, "डिस्क आजच आणून देतो. घरी आहे."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. घरच्या कॉम्प्युटरवरचा सिनेमा थिएटरच्या यंत्राला चालत नाही म्हणे. त्याला वेगळ्या रूपात द्यावा लागतो. त्याला ते लोक पॅकेज म्हणतात. ते करून देणारा माणूस शोधतोय.

तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. ज्या प्रसंगावरून तुमचं बिनसलं, आईने तुला ओळखलं नाही तो शेवटचा प्रसंग, तो त्यात आहे की नाही मला ठाऊक नाही. मी तो कधीच पाहिला नाही. तिथवर आलं की ताई मला चहा ठेवायला पाठवायची. तू तो काढायला सांगितलास, ती नाही म्हणाली आणि तू बॅग भरलीस, एवढंच मला माहीत. तुम्ही दोघी बोलत होतात तेव्हा मी दुकानात होतो.

काही मागत नाही. कळवायला हवं म्हणून कळवलं.

— भाऊजी


१८ सप्टेंबर

धाकटे,

माणूस मिळाला. सगळे त्याला मामा म्हणतात, त्याच्या वयाचेसुद्धा. एका शिंप्याच्या दुकानाखाली तळघरात त्याची खोली आहे. वर शिलाई मशीन सुरू झालं की खाली आवाज तपासायचं थांबतं. मग मामा झाडूच्या दांड्याने छताला ठोकतो आणि वरून शिंपी पायाने ठोकतो. हे बहुतेक रोजचंच असावं.

पॅकेज तो करणार. पण त्याआधी ताईच्या कॉम्प्युटरमधून अख्खा सिनेमा एका फाइलमध्ये बाहेर काढायचा होता, एक्स्पोर्ट. ते काम मी केलं. मामा फोनवर होता.

ताईची खुर्ची तिच्या उंचीला बसवलेली आहे. माझे गुडघे टेबलाला लागत होते. वर करता येते ती, मी केली नाही.

मामा म्हणाला, "चष्मेवाले, समोर काय दिसतंय?"

मी म्हणालो, "रंगीत पट्ट्या."

"बरोबर. ती टाइमलाइन. तिला हात लावायचा नाही. बाईंनी जे जिथे ठेवलंय ते तिथेच राहू द्या. मी सांगेन तेवढंच बटण दाबा. आणि माउस जरा मोकळा धरा, चावत नाही तो."

त्याला कसं कळलं कुणास ठाऊक.

हात लावायचा नाही, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मला तीच भीती होती. आपल्या हातून एखादा तुकडा इकडचा तिकडे जायचा, आणि ती तर आता सांगायला नाही की तो मुळात कुठे होता. मी सांगितलेलं बटण दाबलं. एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. वीज गेली तर? पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. त्याने काही होत नाही हे मलाही कळतं. दुकान उघडलं नाही. एक गिऱ्हाईक घरी आलं, चष्म्याची काडी तुटली म्हणून. त्याला दारातच काडी बसवून दिली, आत घेतलं नाही. दुपारी रेघ भरली.

डिस्क भिंगांच्या खोक्यात कापूस घालून मामाकडे नेली. तो म्हणाला, "ही काय काचेची आहे?" मी म्हणालो, "मला वेगळं काही न्यायची सवय नाही."

आता तो पॅकेज करतोय. प्रत्येक सेकंदाची चोवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्राची वेगळी फाइल. थिएटरचं यंत्र रंगही निराळ्या हिशेबाने वाचतं, म्हणून आपले सगळे रंग त्याच्या हिशेबात बदलून लिहावे लागतात. मामाने त्यातलं एक चित्र साध्या पडद्यावर उघडून दाखवलं. आई हिरवट आणि फिकट. त्या शेवटच्या आठवड्यात होती त्याहूनही वाईट. मामा म्हणाला, "घाबरू नका. इथे आजारी दिसते म्हणजे तिथे ठणठणीत दिसणार."

विश्वास ठेवतोय. दुसरं काय करणार.

— भाऊजी


२३ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र जरा घाईने लिहितोय, चांगली बातमी आहे म्हणून.

आज सकाळी थिएटरात चाचणी झाली. रिकामं थिएटर, मी मधल्या रांगेत. मामा वर प्रोजेक्टरच्या खोलीत. सुरुवातीला आईचा आवाज उजव्या भिंतीतून यायला लागला. ती पडद्यावर समोर आणि बोलतेय शेजारच्या घरातून असं. मी उठून हात हलवले. मामा वरून ओरडला, "दिसलं, दिसलं, आवाजाचा खण चुकलाय, बसा खाली!" ते त्याने डिस्क परत नेऊन दुरुस्त केलं आणि दुपारी पुन्हा लावलं. या वेळी आई जिथे होती तिथूनच बोलली.

रंगांबद्दल त्याचं म्हणणं खरं निघालं. तिच्या निळ्या स्वेटरचा निळा तोच होता.

मामा सुरुवात पाहून बाहेर फोनवर गेला. "सुरू झालं की झालं, शेवट काय पळून जातोय?" असं म्हणाला. मॅनेजर बाई आल्याच नव्हत्या. म्हणजे शेवटपर्यंत पाहणारा मी एकटाच.

धाकटे, तो प्रसंग नाही.

आई पलंगावर बसून बटणांचा डबा उपडा करते. रंगांप्रमाणे ढीग लावते, मोडते, परत लावते. एक मोठं तपकिरी बटण ती कोणत्याच ढिगात घालत नाही, हातात धरून ठेवते. आणि एकदम काळोख. संपलं. मला वाटलं अजून काही येईल, म्हणून बसून राहिलो. दिवे लागले.

इतकं तडकाफडकी संपतं की दचकायला होतं. पण ताईचं तसंच होतं ना सगळं. बोलता बोलता उठून जायची.

म्हणजे तिने तो काढला. तू गेल्यावर कधीतरी, कुणालाही न सांगता, तुझं म्हणणं मान्य करून तिने तो काढून टाकला आणि मगच थिएटरकडे अर्ज केला. मला बोलली नाही. तुला बोलायचं असेल, राहून गेलं असेल.

तुला हे लगेच कळायला हवं असं वाटलं. घरी येऊन आधी हेच लिहायला बसलो.

— भाऊजी


२६ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर आलं. "ताई माझ्यासाठी काही मागे घेईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. भाऊजी, मी येते. रविवारी सकाळी पोचेन अशा बेताने तिकीट बघते." ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तिकीट काढू नकोस. काढलं असशील तर रद्द करता येईल असं आहे का ते बघून ठेव.

काही वाईट झालेलं नाही. डिस्क ठीक आहे. पण मी तुला जे लिहिलं त्याबद्दल मला पुरती खात्री करून घ्यायची आहे. उद्या मामाकडे जातोय. आल्यावर सगळं लिहीन.

— भाऊजी


२७ सप्टेंबर

धाकटे,

सरळ सांगतो. मी तुला जे कळवलं ते चुकीचं असू शकतं.

काल मॅनेजर बाईंनी सिनेमा पाहिला आणि मला फोन केला. म्हणाल्या, "छान आहे हो. पण नावं कुठायत?"

"कसली नावं?"

"कुणी केला, कुणी शूट केला, ती नावं. बिननावाचा सिनेमा कसा लावू? लोक विचारतील."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं आजकालचे सिनेमे असेच संपत असतील.

आज मामाला घरी आणलं. तो ताईच्या खुर्चीत बसला (खुर्ची वर केली त्याने, मला सांगता आलं नाही) आणि टाइमलाइन उघडली. पडद्याजवळ तोंड नेऊन एक एक पट्टी पाहत गेला.

मग म्हणाला, "चष्मेवाले, इकडे या. ही खूण दिसते का?"

पट्ट्यांच्या वर एक बारीक खूण होती. तिच्या अलीकडे सगळं उजळ, पलीकडे करडं. पलीकडेही पट्ट्या होत्या.

त्याने समजावलं ते असं. काम करणारा माणूस दोन खुणा लावतो, इथून आणि इथपर्यंत. तेवढाच भाग परत परत बघायचा असतो म्हणून. आणि एक्स्पोर्टचं बटण दाबलं की कॉम्प्युटर त्या दोन खुणांमधलंच बाहेर काढतो. बाकीचं तिथेच असतं, जात काही नाही. मी हात लावला नाही, मला लावू नका सांगितलं होतं, आणि तिची शेवटची खूण बटणांपाशी होती.

"म्हणजे तिने ती मुद्दाम तिथे लावली?"

"असेल. आम्ही कधी कधी असंही करतो. काढायचा विचार असतो पण कापवत नाही, मग खूण अलीकडे घेऊन बघतो, कसं वाटतं ते."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर बाई बटणांवर काम करत होत्या, तेवढ्यात कुणी हाक मारली असेल, उठल्या असतील. माझ्याकडून महिन्यातून एकदा तरी होतं असं. एका लग्नाचा व्हिडिओ मी नवरी यायच्या आधीच संपवला होता."

मी विचारलं, "खुणेवरून कळत नाही का?"

तो म्हणाला, "खूण ती खूण. तिला काय जीभ असते?"

पलीकडच्या करड्या भागात तो प्रसंग आहे. त्याच्यानंतर नावं आहेत. पहिलं नाव तुझं. कॅमेरा म्हणून. ताईचं तुझ्यानंतर.

तेव्हा मी तुला जे लिहिलं, ताईने तुझं म्हणणं मानलं, ते मला माहीत नाही. मानलं असेल. नसेलही. मामा जिना उतरताना म्हणाला, "सांगून टाका ना तिनेच काढलं म्हणून. जाणारी गेली, येणारी येईल, कुणाचं काय बिघडतंय?" मी दिवसभर त्यावर विचार केला, खोटं कशाला बोलू. दुकानात माणसाच्या डोळ्यांपुढे मी भिंगं बदलत विचारतो, आता बरं दिसतं की आधी? पुष्कळदा दोन्ही सारखंच दिसतं. मग माणूस मला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज घेतो आणि तसं बोलतो. त्या उत्तरावर केलेला चष्मा आठवड्याभरात परत येतो. तो बनवणारा मी असतो, मला माहीत आहे.

तू त्या एका वाक्यावर एवढा प्रवास करणार होतीस. ते वाक्य ताईचं नव्हतं, माझं होतं.

मला काय करावं कळत नाही. गुरुवारी डिस्क द्यायची आहे. तो प्रसंग ठेवायचा की काढायचा, तू सांग. तू त्यात आहेस.

— भाऊजी


२९ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर वाचलं. "मला वाटलंच होतं. ठेवा नाहीतर काढा, तुमच्या घरचा सिनेमा आहे. मी येत नाही." बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

पण तो माझ्या घरचा नाही. म्हणून मी आज तो प्रसंग पाहिला. न पाहता ठरवणं बरं दिसलं नसतं.

मामाच्या तळघरात पाहिला. मॅनेजर बाईही आल्या होत्या, मी बोलावलं नव्हतं. तुला तो पाठ असेल असं धरून चाललो होतो, पण आता मला शंका आहे. तो लागला की तू टेबलावरून किती वेळा मधूनच उठलीस ते ताई एकदा बोलली होती. म्हणून आहे तसं लिहितो. नको असेल तर पुढचा परिच्छेद सोड.

आई कॅमेऱ्याकडे बघते आणि विचारते, "तू कुणाची गं?" ती परत विचारते. मग तुझा आवाज येतो, "शेजारची." आई म्हणते, "अगं मग घरी जा की. तुझी आई वाट बघत असेल." चित्र हलतं. नुसती चादर दिसते, मग भिंत. आणि बाजूने ताईचा आवाज. "दे इकडे. दमलीस तू. मी धरते." कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि मग नावं सुरू होतात.

ताईने सगळ्या सिनेमात स्वतःला बाहेर ठेवलंय, ते तुला माहीतच आहे. तिचा आवाज आहे तो एवढाच.

वर शिंप्याचं मशीन चालू होतं. आज मामाने छताला ठोकलं नाही.

मॅनेजर बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे कापायचं म्हणताय तुम्ही? हाच तर सिनेमा आहे. हे ठेवलंत तर माणसं खुर्चीतून उठणार नाहीत." मामा म्हणाला, "दोन पॅकेजं करतो. एकात आहे, एकात नाही. एकाच डिस्कवर घालतो. रविवारी सकाळी ज्याला जसा धीर होईल तसं वर येऊन सांगा."

मी नको म्हणालो. एका माणसाला दोन वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे देऊन मी आजवर कुणाला घरी पाठवलं नाही.

ताईच्या मनात काय होतं ते मला कळायचं नाही. मी तिच्याबरोबर राहिलो, तरी त्या खोलीत ती काय करत होती ते चहा नेण्याआणण्यापुरतंच मला ठाऊक. ती असती तर मी तिला विचारलं असतं, आणि ती म्हणाली असती, तुम्हाला काय करायचंय. पण तू नको म्हणालीस, हे मी ताईच्या तोंडून का होईना, पण ऐकलेलं आहे. आणि ते म्हणणं तू मागे घेतलेलं नाहीस.

तेव्हा काढायला सांगितलं. बटणांनंतर थोडा काळोख ठेवून मग नावं. मामा म्हणाला, "बघा बुवा." बाई पर्स उचलून निघून गेल्या.

हे मी ठरवलं. पुढे कुणी विचारलं तर ताईने काढलं असं सांगू नकोस. भाऊजींनी काढलं असं सांग.

— भाऊजी


१ ऑक्टोबर

धाकटे,

डिस्क दिली. मॅनेजर बाईंनी सही घेतली. शेवटच्या क्षणापर्यंत भीती होती, यंत्राने ती घेतलीच नाही तर? मामा सांगत होता की कधी कधी एखाद्या फाइलीचं नावच यंत्राला पटत नाही आणि ते अख्खा सिनेमा नाकारतं. घेतली. वरच्या खोलीत एक छोटा हिरवा दिवा लागला. मी तो लागल्यावर खाली आलो आणि परत वर जाऊन तो अजून लागलेला आहे ना ते पाहून आलो. ऑपरेटर म्हणाला, "काका, आता तो माझा आहे. तुम्ही घरी जा."

रविवारी सकाळी आहे. कळवायला हवं म्हणून.

— भाऊजी


५ ऑक्टोबर

धाकटे,

काल तुझा फोन येईल असं वाटलं नव्हतं. मी थिएटरच्या पायऱ्यांवर उभा होतो, लोक बाहेर पडत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तसा मला फोनवर कधीच बोलता येत नाही. ताई म्हणायची, तुम्ही फोनवर हं म्हणता ते दारावरच्या कडीसारखं वाटतं, आत कुणी आहे की नाही कळत नाही.

तू विचारलंस, "झाला का?" मी म्हणालो, "झाला."

"काढलंत?"

"हो."

"कुणी? खरं सांगा."

"मी."

मग म्हणालीस, "लोकांना आवडला का?" मी म्हणालो, "बसून होते." ते खरं आहे. बटणांनंतर काळोख आला, कुणी उठलं नाही. मग तुझं नाव आलं. पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ही मुलगी असणार तिची. परकं माणूस इतकं जवळून बघत नाही." हे तुला फोनवर सांगणार होतो, पण तेवढ्यात मॅनेजर बाई आल्या आणि माझ्या हातात हात देऊन, "चुकलात तुम्ही, पण ठीक आहे," असं म्हणून गेल्या. तू ते ऐकलंस बहुतेक. हसलीस असं वाटलं. नक्की सांगता येत नाही.

काळोख झाला तेव्हा मला ठाऊक होतं की काही येणार नाही. मीच काढायला लावलं होतं. तरीही कान देऊन बसलो होतो. एवढ्या मोठ्या खोलीत, भिंतींतून, ताई कशी ऐकू आली असती ते मला आता कळायचं नाही. मला त्याचं वाईट वाटतंय. पण काढायला नको होतं असं वाटत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला एका वेळी वाटू शकतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटी तू विचारलंस, "ते आता आहे कुठे?" मी म्हणालो, "मामाने पुसलं. घरचंही पुसलं. कुठे नाही."

ते खोटं आहे. तू रडत होतीस, मला ते थांबवायचं होतं आणि दुसरं काही सुचलं नाही. फोन ठेवल्यापासून ते मला टोचतंय, म्हणून हे पत्र.

मामाकडचं खरंच पुसलं, मी समोर उभा होतो. घरचं आहे. घरात ताईचे फोटो रग्गड आहेत, आवाज नाही. ती फोनवर निरोप ठेवायची, येताना दूध आणा, दुकानाला कुलूप नीट लागलं का बघा. ते मी ऐकून लगेच पुसायचो. जागा भरते म्हणून. मला वाटलं होतं रोजच येणार आहेत.

आता संध्याकाळी दुकानातून आलो की मी तो प्रसंग लावतो. पडदा बंद करून लावतो, म्हणजे आई दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पण तू आणि आई बोलल्याशिवाय ताईच्या आवाजापर्यंत पोचताच येत नाही. तुझं ते "शेजारची" मला रोज ऐकावं लागतं. आपण ऐकू नये असं काही ऐकतोय असं वाटतं, आणि मी ऐकतो.

मामाला सांगून तेवढंच तिचं वाक्य कापून वेगळं करून घेता येईल. तोच म्हणाला, हातासरशी होईल. मी नको म्हणालो. ती ते तुला म्हणाली होती. तुझ्यापासून तोडून ठेवलं तर ते कुणाला म्हटलं ते कळणार नाही.

तुला हवं असेल तर पाठवतो. नको असेल तर पुन्हा कधी विषय काढणार नाही. कुणाला दाखवणार नाही. तू म्हणालीस तर मी ऐकायचंही थांबवीन, प्रयत्न करीन.

पण पुसायला सांगू नकोस. तेवढं माझ्याकडून व्हायचं नाही.

— भाऊजी